यूव्ही लाईट लावली की फिल्मची उंची बदलते, हे खरं की एएफएमचा (बारीक सुई फिरवून पृष्ठभागाची उंची मोजणाऱ्या सूक्ष्मदर्शकाचा) घोळ?

पातळथर:
नमस्कार मंडळी, अ‍ॅझोबेन्झीनची (प्रकाशाने आकार बदलणारा रेणू) एलबी फिल्म (लँगम्यूर-ब्लॉजेट, म्हणजे पाण्यावर पसरलेला एका रेणूच्या जाडीचा थर उचलून घेतलेली) अभ्रकावर घेतलीये, एकच थर. टॅपिंग मोडमध्ये (सुई टकटक करत) स्कॅन चालू असताना ३६५ नॅनोमीटरची एलईडी लावली की बरोब्बर त्याच ओळीवर इमेज ४० नॅनोमीटरने उडी मारते आणि मग हळूहळू सरकत राहते. थर स्वतःच जेमतेम अडीच-तीन नॅनोमीटर आहे, मग एवढं कुठून येतंय? दोन आठवडे झाले, अडकलोय.

सुईवाला:
ती उडी फिल्मची नाही, कॅन्टिलिव्हरची (सुई धरणारी पट्टी). त्याच्या पाठीवर अ‍ॅल्युमिनियम किंवा सोन्याचा लेप असतो, खाली सिलिकॉन, यूव्हीने गरम झालं की दोन्ही वेगवेगळं प्रसरण पावतात आणि पट्टी वाकते. नुसत्या अभ्रकावर लाईट लावून बघा, तिथेही उडी येईल. आणि मुळात सलग थराची उंची मोजणार कशाच्या तुलनेत? कॉन्टॅक्ट मोडमध्ये (सुई सतत टेकवून) जरा जोर लावून एक मायक्रॉनची चौकोनी खिडकी खरवडा, अभ्रक उघडं पडेल, मग कड आणि तळ एकाच इमेजमध्ये येतात. लाईट लावून पाच-दहा मिनिटं थांबा, मगच स्कॅन घ्या.

निळीशाई:
सुईवाले म्हणतात ते आधी कराच. पण रेणू वळतोय का तेही बघा, कारण ट्रान्सचा (सरळ रूप) सिस (वाकडं रूप) व्हायला जागा लागते, दोन टोकांमधलं अंतर ९ अँगस्ट्रॉमवरून (०.९ नॅनोमीटर) साधारण साडेपाचवर येतं, पण रेणू वाकडा होऊन आडवी जागा जास्त खातो. जास्त सरफेस प्रेशरला (पाण्यावर थर किती दाबलाय ते) उचललेला थर इतका गच्च असतो की बिचारा हलूच शकत नाही. त्याच प्रेशरला क्वार्ट्झवर आठ-दहा थर घ्या आणि यूव्ही-व्हिजिबल (कोणता प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख) काढा, ३५० नॅनोमीटरच्या आसपासचा पीक खाली आला तर रेणू वळतायत. आणि हो, खोलीतली ट्यूबलाईट बंद ठेवा, निळ्या प्रकाशाने सिस परत ट्रान्स होतो.

पातळथर:
नुसत्या अभ्रकावर करून बघितलं, तश्शीच उडी! खिडकीही खरवडली, कडेची उंची यूव्हीआधी आणि नंतर सारखीच येतेय, आणि क्वार्ट्झवरचा पीकही हलत नाहीये. म्हणजे थर गच्चच आहे. आता कमी प्रेशरला उचलू का रेणूंमध्ये अंतर पाडायला स्टिअरिक अ‍ॅसिड मिसळू?

निळीशाई:
आधी कमी प्रेशर. मिसळलं की दोन्हींची वेगवेगळी बेटं होऊ शकतात, मग फेज इमेजही (वेगवेगळे पदार्थ वेगळे दाखवणारी) बघावी लागेल.