गाझी अल-गोसैबी वाचायचेत, सुरुवात कुठून करू?

बाबा ऐंशीच्या दशकात सौदीतल्या जुबेलला होते, आमच्या दापोलीकडची बरीच माणसं तेव्हा तिकडे. त्यांच्या बोलण्यात गोसैबी हे नाव सारखं यायचं, सौदीचे उद्योग आणि वीजमंत्री. परवा कळलं की ते कवी आणि कादंबरीकारही होते आणि पुस्तकांवर त्यांच्याच देशात बंदी होती! अरबी येत नाही, मराठीत काही सापडलं नाही, इंग्रजी चालेल. बाबांना वाचून दाखवायचंय, त्यांची नजर अधू झालीये.

वाळूघड्याळ: डोळे झाकून 'ॲन अपार्टमेंट कॉल्ड फ्रीडम' घ्या. मूळ अरबी १९९४ चं. बहारीनची चार पोरं कैरोत शिकायला येतात, १९५६ ते ६१, इजिप्तचे अध्यक्ष नासर यांचा जोर, एक फ्लॅट, राजकारण, मुली, रात्रभर वाद. गोसैबी स्वतः बहारीनमध्ये वाढले आणि त्याच वर्षांत कैरोला लॉ करत होते, त्यामुळे सगळं आतून आलंय. त्यांची 'सेव्हन' ही कादंबरी नंतर वाचा, त्यातला उपहास अरब राजकारण थोडं माहीत असलं की जास्त कळतो. सर्च करताना अल्गोसैबी, कुसैबी अशी स्पेलिंगं पण टाकून बघा.

मीनाक्षी_पुणे: कादंबरी ठीकच, पण त्यांची खरी ओळख कवितेतून होते असं मला मनापासून वाटतं. १९८४ ला आरोग्यमंत्री असताना त्यांनी राजे फहदना उद्देशून कविता लिहिली आणि ती पेपरात छापून आली. दहाव्या शतकातला कवी मुतनब्बी आपल्या आश्रयदात्या सैफुद्दौलाला शेवटचं पत्र लिहितोय अशी कल्पना, म्हणजे राजाचे कान भरणाऱ्यांबद्दलची तक्रारच. मंत्रिपद गेलं, मग राजदूत म्हणून बहारीनला आणि १९९२ पासून लंडनला. तिथे २००२ मध्ये जेरुसलेमला आत्मघाती हल्ला करणाऱ्या मुलीचा गौरव करणारी कविता लिहिली, त्यावरून मोठा वाद झाला. ती कविता मला अजिबात पटत नाही, मेलेली माणसं त्यात कुठेच नाहीत, पण त्यांना वाचायचं तर हेही माहीत हवं.

वाळूघड्याळ: +१. आणि बाबांसाठी 'येस, सौदी मिनिस्टर' बघा, कारभारातल्या आठवणी आहेत, जुबेलच्या माणसाला जवळच्या वाटतील. पुढे ते कामगारमंत्री होते, सौदी पोरांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून आग्रही, आपल्या लोकांना त्याची झळ बसलीच. पण २००८ ला जेद्दाच्या एका हॉटेलात स्वतः उभं राहून गिऱ्हाइकांना बर्गर दिले, कुठलंच काम हलकं नाही हे पोरांना दाखवायला. बंदी उठली २०१० च्या उन्हाळ्यात, आणि त्याच ऑगस्टमध्ये ते गेले, वय ७०.

धागाकर्ती: खूप खूप आभार दोघांचे. रात्री बाबांना कवितेचं सांगितलं. म्हणाले, मंत्री गेला एवढं कॅम्पात कळलं होतं, कशापायी गेला ते आज कळतंय, ती कविता आधी वाच. इंग्रजीत कुठे मिळेल?