साडेचार लाखात फॅमिलीसाठी जुनी गाडी: डिझेल डिझायर का सीएनजी वॅगन आर?

केजचे_गुरुजी

नमस्कार मंडळी. मी केजचा, झेडपी शाळेवर आहे. पाडव्याला घरी जुनी गाडी आणायचं चाललंय, बजेट साडेचार लाख, ओढूनताणून पावणेपाच, त्याच्या वर नाही कारण पोरीच्या अकरावीला लातूरला पैसा लागणारंय. घरात आम्ही दोघं, दोन लेकरं आन् आई. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, महिन्यातून एकदोनदा तिला लातूरला दवाखान्यात न्यावं लागतं आन् एसटीची पायरी तिला चढवत नाही, गाडी घ्यायचं खरं कारण हेच. बाकी तुळजापूर, पंढरपूर, लग्नकार्य. शाळेला मी मोटरसायकलवरच जातो त्यामुळं गाडीचं रनिंग महिन्याला पाचशे, लई झालं तर सहाशे किलोमीटर.

दोन गाड्या नजरेत आहेत. एक 2017 ची डिझेल डिझायर, पुण्याच्या डीलरकडं, 58 हजार चाललेली, फोटोत एकदम कोरी दिसायलीय, 4 लाख 60 सांगायलेत. दुसरी अंबाजोगाईची, 2019 ची वॅगन आर, सीएनजी, 71 हजार झालेत, मागच्या दरवाजाला ओरखडे आहेत, मालक 4 लाख 40 म्हणायलाय. मेव्हणा म्हणतो डिझेलच घ्या दाजी, पिकअप बी आहे आन् ॲव्हरेज बी. घरचे म्हणतात ओळखीतली घ्या. ह्यात भर म्हणून एक एजंट दिल्लीची मोठी डिझेल गाडी ह्याच पैशात देतो म्हणून रोज फोन करायलाय. मला गाडी चालवण्यापुरतीच कळती. काय बघावं, कसं बघावं, जरा इस्कटून सांगा.

लातूरचा_फिटर

गुरुजी, मॉडेल आधी बाजूला ठेवा. जुन्या गाडीत कंपनी नंतर, आधी ती कोणी आन् कशी वापरली ते. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या माझ्याकडं येतात, एकीचं इंजिन दीड लाख किलोमीटरला बी हूं का चूं करत नाही आन् दुसरी सत्तर हजारात धूर सोडती.

तुमच्या रनिंगला डिझेल नको. ते 1.3 चं डिझेल इंजिन वाईट नाही, उलट चांगलं, टायमिंग चेन आहे, मारुतीनं 2020 च्या एप्रिलपासून डिझेल बंद केलं तरी पार्ट मिळतात कारण तेच इंजिन टाटा आन् फियाटच्या गाड्यांत बी होतं. पण इंजेक्टर, टर्बोचं काम निघालं की एका फटक्यात जो खर्च बसतो तो महिन्याला पाचशे किलोमीटरवाल्याला डिझेलच्या बचतीतून कधीच निघत नाही.

दुसरं, 2017 ची गाडी आन् 58 हजार. म्हणजे रोजचे वीस किलोमीटर सुद्धा नाहीत. एवढ्यासाठी कोण डिझेलचे जास्तीचे पैसे मोजील? असतो एखादा, नाही म्हणत नाही, पण मग ते कागदावर दिसायला पाहिजे. गाडीचा नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, कोणत्या तारखेला किती किलोमीटरला गाडी आली हे त्यांच्याकडं असतं. मालकानं सोबत यावं लागंल, खरा असंल तर येईल. मीटर मागं घेता येतं पण क्लच-ब्रेकच्या पायाखालचं रबर, स्टेअरिंगवरची झिजून आलेली चकाकी आन् ड्रायव्हर सीटची दाराकडची दबलेली कड मागं घेता येत नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात, 3221 म्हणजे 2021 सालचा 32 वा आठवडा. ही तारीख, मीटर आन् मालकाचं बोलणं तिन्ही जुळलं पाहिजे. 58 हजार चाललेल्या गाडीला मालक म्हणला की हा टायरचा तिसरा जोड आहे, तर तिथंच उठा.

आता आपल्या भागातली एक गोष्ट मुद्दाम सांगूलालो. उन्हाळ्यात कूलंट कमी झालं की लोक बोअरचं पाणी ओततात. आपल्या बोअरला क्षार किती ते तुमच्या घरच्या हीटरच्या कॉइलवर बघा, तोच पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. गाडी थंड असताना, थंडच, गरम असताना हात बी लावू नका, रेडिएटरचं नाहीतर बाटलीचं झाकण उघडा. कूलंट हिरवं, निळं, लालसर काही बी असू द्या पण स्वच्छ पाहिजे. तांबारलेलं, गढूळ, वर तेलाचा तवंग असलेलं दिसलं तर किंमत सुद्धा विचारू नका. इंजिन एकदा तापलेलं असलं की हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिन उघडून आतलं सील बदलायचं काम आज ना उद्या निघतंच.

नांदेड_26

कागदाचं मी सांगतो, आरटीओच्या कामात रोज असतो म्हणून.

दिल्लीवाल्या एजंटचा फोन उचलणं बंद करा सर. तिकडं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा नियम आला तेव्हापासून त्या गाड्या स्वस्तात बाहेर निघतात, गाडी दिसायला चांगली असते, पण तिथल्या आरटीओची एनओसी, मग आपल्याकडं महाराष्ट्राचा टॅक्स भरा, नवीन नंबर घ्या, हे सगळं धरलं की स्वस्त राहात नाही. आणि एनओसी अडकली तर गाडी तुमच्या दारात आणि नाव तिसऱ्याच माणसाचं.

इथली गाडी असली तरी एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून सगळं वाचा. कितवा मालक, इन्शुरन्स कधीपर्यंत, आणि फायनान्सचा बोजा आहे का. बोजा असेल तर बँकेचं एनओसी आणि सही-शिक्का असलेला फॉर्म 35, म्हणजे बोजा उतरवायचा फॉर्म, हातात आल्याशिवाय इसाराच्या पुढं एक रुपया देऊ नका, "हप्ते संपलेत फक्त कागद यायचाय" हे वाक्य मी रोज ऐकतो. ई-चलान पेंडिंग आहे का ते वेगळं बघा. गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची असली तर एचएसआरपी, म्हणजे सरकारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली का तेही बघा, त्यानंतरच्या गाडीला ती मुळातच लागून येते.

टीटी फॉर्म म्हणजे गाडी नावावर करायचे 29 आणि 30, त्याच्यावर सह्या घेऊन फॉर्म कपाटात ठेवणारे लई लोक आहेत, तसं करू नका. गाडी नावावर होईपर्यंत पाठपुरावा करा. आणि सर, सीएनजी आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, चढलेली आहे का ते सगळ्यात आधी बघा, टाकीच्या हायड्रो टेस्टचा, म्हणजे टाकी दाबाला टिकते का त्या तपासणीचा, कागदही मागा, ती दर तीन वर्षांनी करावी लागते.

गोदाकाठची

सर, गाडी आईंसाठी घ्यायचीय असं तुम्ही स्वतःच लिहिलंय आणि वर सगळी चर्चा इंजिनाची चाललीय म्हणून लिहितेय. गाडी बघायला जाताना आईंना सोबत न्या. डिझायरची सीट खाली आहे, ऑपरेशन झालेल्या गुडघ्यानं त्यात बसताना माणूस आधी धपकन खाली जातो आणि उतरताना दोन्ही हात धरून ओढून काढावं लागतं, माझ्या सासूबाईंचं मी हे रोज बघते. वॅगन आरला दार उंच, सीट कमरेच्या लेव्हलला, माणूस सरळ टेकतो आणि पाय आत घेतो. त्यांना पुढच्या सीटवर बसवून बघा, मागच्याही. स्वतःच्या स्वतः उतरता आलं तर ती गाडी तुमची.

पण एक अडचण आहे. सीएनजीच्या टाकीनं डिक्कीतली जवळजवळ सगळी जागा जाते. वॉकर असेल तर तो कुठं ठेवणार, पाच माणसांच्या बॅगा कुठं, हे घरून वॉकर नेऊनच बघा, अंदाजावर नको. आणि एसी दुपारी दोनला बघा, सकाळी सगळ्याच एसी गार लागतात. आपल्याकडं मे महिन्यात 42-43 ला मागं बसलेल्या म्हाताऱ्या माणसापर्यंत हवा पोचते का हा खरा प्रश्न आहे.

सेफ्टीचं कोणीच बोललं नाही. 1 जुलै 2019 पासून बनलेल्या कारला ड्रायव्हर साइडची एअरबॅग कंपल्सरी झाली, एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम, त्याच वर्षीच्या एप्रिलपासून. तुमची वॅगन आर 2019 मधली कोणत्या महिन्याची आहे आणि पुढच्या डाव्या सीटला, म्हणजे आई बसणार तिथं, एअरबॅग आहे का हे डॅशबोर्डवर बघा. वॅगन आर क्रॅश टेस्टमध्ये कमजोर आहे, गाड्या आदळवून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेनं 2023 ला मोठ्या माणसांसाठी पाचपैकी एकच स्टार दिला. टाटाच्या टियागोला 2020 ला चार स्टार मिळालेत, दोन एअरबॅगवालं मॉडेल. तुमच्या बजेटमध्ये 2020-21 ची पेट्रोल टियागो मिळू शकते, एक तरी बघून या. उसाच्या सीझनमध्ये रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, तिथं पत्रा किती मजबूत आहे ह्याला किंमत आहे.

समृद्धी_जालना

डिझेलला सरसकट नाव ठेवू नका राव. मी दर आठवड्याला जालना-मुंबई करतो समृद्धीवरून, मला डिझेलशिवाय परवडतच नाही. गुरुजींच्या रनिंगला पेट्रोल बरं, हे मान्य. पण मेव्हण्याचं डोकं फिरलेलं नाही, त्याचा वापर वेगळा असंल. कोणती बी घ्या, समृद्धीवर जाणार असाल तर टायर पाच-सहा वर्षांच्या वर जुने नकोत, नक्षी शिल्लक असली तरी. तापलेल्या काँक्रीटवर जुनं रबर फुटतं आणि तिथं स्पीड असतो.

परंड्याचा

2025 च्या सप्टेंबरात सीनेला जो पूर आला त्यात आमच्या भागात किती गाड्या पाण्यात होत्या ते डोळ्यानं बघितलंय. धुवून, वाळवून, सेंट मारून त्यातल्या काही बाजारात आल्यात आणि घेणाऱ्याला सहा महिन्यानं वायरिंगचे, सेन्सरचे एकेक आजार सुरू होतात. म्हणून कळकळीनं सांगतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा, लोक गाडी धुतात पण आत गुंडाळलेला पट्टा कोणी धूत नाही, त्याच्यावर गाळाची रेघ राहती. डिक्कीतली स्टेपनी उचलून त्या खड्ड्याच्या कोपऱ्यात बोट फिरवा. सीटच्या खाली मोबाईलची बॅटरी मारून नटबोल्ट बघा, तिथं गंज चढायचं दुसरं कारण नसतं. आणि नुसत्या वासाच्या गाडीपासून सावध राहा, आत बसल्याबरोबर नाकात सेंट गेला की काच खाली करून दहा मिनिटं थांबा आणि मग परत वास घ्या.

नांदेड_26

एक राहिलं, भावाचं. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 वर आला, नवीन गाड्या स्वस्त झाल्या. बरेच डीलर अजून जुन्या शोरूम किमतीवरून हिशोब सांगतात. नवीन वॅगन आरचा आजचा ऑनरोड भाव शोरूममधून लेखी घ्या आणि तो समोर ठेवून बोला.

केजचे_गुरुजी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. काल आईला घेऊन अंबाजोगाईला गेलतो. आई पुढं बी बसली आन् मागं बी, स्वतःची स्वतः उतरली. वॉकर मागच्या सीटवर आडवा ठेवावा लागतो, चौघं असले तर जमतं. ओरखडे वरवरचेच आहेत, दाराचं रबर काढून बघितलं तर आत कंपनीचेच गोल वेल्डिंग टाके दिसायलेत, पुट्टी कुठंच नाही, म्हणजे ठोकून दुरुस्त केलेलं दार नाही. मालक पोस्टातले रिटायर साहेब, सगळी सर्व्हिसची बिलं फाइलला लावलेली. गाडी नोव्हेंबर 2019 ची, पण एअरबॅग ड्रायव्हरलाच आहे. आन् दुसरी गोची, सीएनजी कंपनीची नाही, नंतर बसवलेली, आरसीवर नुसतं पेट्रोलच लिहिलंय. साहेब म्हणतात काही होत नाही, मला कधी कोणी धरलं नाही.

नांदेड_26

होत नाही म्हणजे अजून झालं नाही. आरसीवर आणि पॉलिसीवर सीएनजी नसताना गाडीला काही झालं तर इन्शुरन्सवाले पहिलं बोट तिथंच ठेवतात. साहेबांना म्हणा, किट मान्यताप्राप्त असेल आणि बसवल्याचं सर्टिफिकेट असेल तर तुमच्या नावावर असतानाच आरसीवर चढवून द्या. कागद नसेल तर किट काढून पेट्रोल गाडी म्हणून द्या आणि भाव त्या हिशोबानं करा. तुमच्या रनिंगला पेट्रोल चालतंय, वर डिक्की मोकळी होती, वॉकरचा प्रश्न मिटला.

गोदाकाठची

सर, एअरबॅग एकच असेल तर आईंना मागेच बसवा आणि मागचाही बेल्ट लावायची सवय लावा, लेकरांनासुद्धा. आणि इसार देण्याआधी ती टियागो एकदा बघाच, कृपा करून.

केजचे_गुरुजी

रविवारी बीडला एक टियागो बघायला चाललोय, 2020 ची, दोन एअरबॅगवाली. आईला नेणारच. साहेबांना किट काढून 4 लाखाला विचारलंय, विचार करून सांगतो म्हणालेत. फिटरभाऊ, दोन्हींतली जी ठरंल ती तुमच्याकडं लातूरला आणून दाखवली तर चालंल का?

लातूरचा_फिटर

आणा की गुरुजी, अवश्य आणा. फक्त आदल्या रात्रीच लातूरला या, गाडी इथंच मुक्कामाला लावा आन् सकाळी मी आल्याशिवाय चावी फिरवू नका, इंजिन गार पाहिजे. पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून काय येतं ते बघायचंय. थंडीत पांढरी वाफ येऊन थांबली तर काही नाही, निळा धूर आला तर ऑइल जळतंय. मग ऑइलचं झाकण काढून बघू, स्कॅनर लावू, खाली जाऊन चाकाजवळचे लोअर आर्म, शॉकअप बघू आन् मुरुडच्या रस्त्याला एक चक्कर मारू. मालकाला सोबत घेऊन या, त्यांच्यासमोरच बघू म्हणजे भावाचं बोलणं तिथंच होईल. आन् गाडी नावावर झाली की इन्शुरन्स 14 दिवसांच्या आत तुमच्या नावावर करून घ्या, साहेबांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट, त्यांच्याकडंच राहतो, तुमचा प्रीमियम थोडा वाढंल, तेवढे पैसे आत्ताच बाजूला काढून ठेवा. पहिल्या महिन्यात ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक पॅड, लागलीच तर बॅटरी, ह्याला वीसेक हजार वेगळे धरा, ते गाडीच्या भावात घालू नका.