बाळांना सरसकट आयर्न द्यावं का? माझं मत: आधी एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) बघा

सायली_के
आयांच्या ग्रुपवर रोज कोणीतरी विचारतं की बाळाला सहा महिने झाले, आयर्न चालू करू का, आणि लगेच दहाजणी हो म्हणून मोकळ्या, एचबी किती आहे हे कोणी विचारतच नाही. चिलीमध्ये सँटियागोला धडधाकट बाळांना ६ ते १२ महिने या वयात दोन प्रकारचं डब्याचं दूध दिलेलं, एकात लिटरला १२.७ मिग्रॅ आयर्न आणि दुसऱ्यात फक्त २.३. मुलं १० वर्षांची झाल्यावर बुद्धीच्या चाचण्या घेऊन बघितलं तर ज्यांचं एचबी सुरुवातीला १०.५ च्या खाली होतं त्यांना जास्त आयर्नचा फायदा झाला होता, पण ज्यांचं १२.८ च्या वर होतं ती मुलं जास्त आयर्न मिळून उलट मागे पडली. १६व्या वर्षी परत तपासलं तेव्हाही व्हिज्युअल मेमरी, गणित आणि वाचून समजणं, तिन्हीत जास्त आयर्नवाला गट मागेच. ज्याला गरज नाही त्याला कशाला द्यायचं?

सिस्टर_नंदुरबार
ताई तुमच्या ग्रुपमधल्या बाळांचं मला माहीत नाही, मी पाड्यावर सिरप वाटते. महाराष्ट्रात ६ ते ५९ महिन्यांची ६८.९ टक्के मुलं ॲनिमिक आहेत, २०१९-२१ च्या सरकारी सर्वेक्षणातला आकडा आहे. आमच्याकडे १२.८ चं बाळ शोधून दाखवा. आणि कोस्टा रिकाचंही वाचा की, तिथे ज्या बाळांना लहानपणी बराच काळ आयर्न कमी पडलं ती मुलं नंतर औषध देऊन रक्त सुधारलं तरी १९ वर्षांची होईपर्यंत चाचण्यांत मागे राहिली. मेंदू त्या वयात बांधला जात असतो, ती वेळ गेली की गेली. आधीच आया शी काळी झाली म्हणून घाबरून बाटली फळीवर ठेवून देतात, त्यात असं काही कानावर गेलं तर संपलंच.

गणित_मास्तर
डोस बघा ना आधी. चिलीतलं बाळ रोज पाऊण लिटर दूध प्यायलं धरलं तर दिवसाला साडेनऊ मिग्रॅ, म्हणजे आठवड्याला ६५ च्या वर. आपल्या सरकारी सिरपचं १ मिली म्हणजे २० मिग्रॅ, आठवड्यातून दोनदा, एकूण ४०. शिवाय जास्त एचबीवाल्या मुलांचा गट अगदी छोटा होता, त्यावरून सगळ्यांना घाबरवू नये.

सायली_के
४० फक्त सरकारी सिरपचे झाले. शहरात त्याच बाळाला खाजगी डॉक्टरांचे ड्रॉप्स रोज, वर डब्याचं दूध, वर आयर्न घातलेलं सिरीयल, ही बेरीज कोण करतं? आणि नको असलेलं आयर्न आतड्यातच अडवायची यंत्रणा सहाव्या महिन्यात नीट तयार नसते, नवव्या महिन्यापर्यंत येते, म्हणजे सुरुवातीला बाळ मिळेल तेवढं शोषत राहतं. मी पाड्यावरचं बंद करा असं कुठेच म्हटलेलं नाही. नवव्या महिन्याला गोवर-रुबेलाच्या लसीला सगळी बाळं येतातच, तेव्हा बोटाला टोचून एचबी बघायला काय हरकत आहे?

डॉ_सांगलीकर
नुसत्या एचबीवर जाऊ नका. थॅलेसेमिया मायनर (आईवडिलांकडून येणारा रक्तातला सौम्य दोष) असेल तर आयर्न भरपूर असूनही एचबी कमी दिसतं, ताप-सर्दी असली तरी खाली येतं. माझ्याकडे शंका आली तर मी फेरिटिन, म्हणजे शरीरातला आयर्नचा साठा दाखवणारी रक्ताची तपासणी, करून घेतो. आणि नाळ जन्मानंतर एक ते तीन मिनिटं थांबून कापली तर बाळाला आईकडूनच चांगला साठा मिळतो, यावर कोणी बोलतच नाही, फुकटचं आहे ते.

सिस्टर_नंदुरबार
फेरिटिन सांगलीत होतं डॉक्टर. नाळेचं मात्र एकदम बरोबर, मी लेबर रूममध्ये असते तेव्हा थांबायलाच लावते. लसीच्या दिवशी एचबी बघायला माझी ना नाही, पण मशीनच्या स्ट्रिप्स महिना महिना नसतात, त्या आधी द्या. तोवर मी सिरप थांबवणार नाही. तापाचं बाळ असेल तर त्या दिवशी देत नाही, बरं झालं की परत चालू.