मधुमेह आणि न उतरणारा थकवा : तुमचा अनुभव लिहा

धागाकर्ती

मधुमेहाचा विषय निघाला की गाडी 'भात सोडा, कारल्याचा रस प्या' इथे येऊन थांबते. थकव्याबद्दल कोणी बोलत नाही. रिपोर्टमध्ये त्याचा आकडा छापून येत नाही, म्हणून डॉक्टरांसमोरच्या पाच मिनिटांत तो सांगायचा राहूनच जातो. घरी सांगावं तर 'जरा पड' नाहीतर 'जरा चालून ये', यातलं एक उत्तर ठरलेलं.

मला टाइप २ आहे, बऱ्याच वर्षांपासून. एचबीए१सी (साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) सातच्या आसपास असतं. तरी दुपारी चारच्या सुमारास अंगात त्राण राहत नाही. ज्यांना असं होतं त्यांनी लिहा. फक्त 'खूप थकवा येतो' एवढ्यावर थांबू नका. कधी येतो, जेवणाआधी की नंतर, उठल्याउठल्या की जिना चढताना, तपासलं तर काय निघालं, फरक कशाने पडला, तेही लिहा. वैदूगिरी नको.

बँकवाली, कोल्हापूर

माझा थकवा सकाळपासूनच असायचा. रात्रभर झोपूनही उठताना पाय ओढत उठायचं, तळव्यांना मुंग्या. सगळे म्हणाले, मधुमेहात नसा खराब होतात, त्याचंच आहे. मीही तेच धरून चालले होते. नवीन डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला: मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) किती वर्षं घेताय, आणि अंडी-मासे खाता का? वर्षानुवर्षं घेतेय आणि घरात अंडंही येत नाही. बी१२ जीवनसत्त्व तपासलं तर तळाला.

मेटफॉर्मिन खूप काळ चालू असेल तर आतड्यातून बी१२ कमी शोषलं जातं, आणि शाकाहारी माणसाच्या पोटात ते मुळातच कमी जातं. मुंग्या मधुमेहाने खराब झालेल्या नसांमुळेही येतात आणि बी१२ कमी असल्यानेही, त्यामुळे एकाच्या नावावर दुसरं खपून जातं. आधी इंजेक्शनं, मग गोळ्या. थकवा काही आठवड्यांत उतरला, मुंग्या अजून थोड्या आहेत. हे वाचून कोणी मेटफॉर्मिन बंद करू नका, माझी अजून चालू आहे. फक्त बी१२ अधूनमधून बघते.

मुक्कामी गाडीचा कंडक्टर

आमच्या कामात जेवणाची वेळ म्हणजे गाडी पोचेल ती. मुक्कामाला नऊला पोचायचं तर घाटात ट्रक आडवा झाला की साडेदहा. शुगरची गोळी (ग्लिमेपिराइड) मात्र मी ठरल्या वेळेला घ्यायचो, कारण घरून बजावलेलं, गोळी चुकवू नको. सकाळी बनियन घामाने ओलं, डोकं जड, तिकिटाचं मशीनसुद्धा धरवत नव्हतं. बायको म्हणे शुगर वाढलीय, रात्रीची एक भाकरी कमी करा. केली, तर आणखीनच हाल.

ड्रायव्हर साहेबांना स्वतःला डायबेटिस, त्यांच्याकडे शुगर मोजायचं मशीन असतं. एका पहाटे मी दचकून उठलो, हात थरथरत होते. त्यांनी बोट टोचलं, ५८ निघाली. शुगर वाढत नव्हती, गोळी घेऊन जेवण लांबलं की रात्रीत खाली जात होती! ७० च्या खाली गेली की ती कमी धरायची, हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. आता खिशात ग्लुकोजची पुडी असते. थरथर सुटली की तीन चमचे पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, मग काहीतरी खायचं. चॉकलेटवर भागवू नका, त्यातल्या तुपकटपणामुळे साखर उशिरा चढते.

निवृत्त, रोज पाच किलोमीटर

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. निम्मा थकवा आळसाचा असतो. मी मधुमेह लागल्यापासून चालतोय, मला कधी थकवा आला नाही. बाहेर पडा, सगळं ठीक होईल.

लातूरची सून

काका, माझ्या सासूबाईही रोज चालायच्या. मग मारुतीच्या देवळापर्यंत जाताना दोनदा बसायला लागल्या. छातीत दुखणं नाही, घाम नाही, नुसतं 'दमायला होतं गं'. वय झालं म्हणून आम्ही सोडून दिलं असतं, पण नणंद नर्स आहे, ती ऐकेना. ईसीजी, इको, मग अँजिओग्राफी. दोन ठिकाणी अडथळा. मधुमेहात हृदयाचं दुखणं कधी कधी दुखतच नाही, दम लागणं आणि थकणं एवढंच दिसतं. आधी सहज जमणाऱ्या चालीत एकाएकी दम लागू लागला, तर आणखी चालून तो जात नाही. आधी डॉक्टरांना दाखवा.

निवृत्त, रोज पाच किलोमीटर

हे मला माहीत नव्हतं.

धागाकर्ती

काकांचं चालणं मी पूर्ण खोडणार नाही. कंडक्टरदादांचं वाचून मी दुपारी मशीन काढलं. उपाशीपोटी आणि पहाटे ठीक, पण जेवणानंतर दोन तासांनी २४० च्या पुढे. एचबीए१सी ही दोन-तीन महिन्यांची सरासरी. वरचे चढ आणि खालचे उतार एकमेकांत मिसळून आकडा सात येतो आणि आपण खूश. दुपारचा भात अर्धा केला, डाळ-उसळ वाढवली, आणि ताट उचलल्याबरोबर गच्चीवर पंधरा मिनिटं फेऱ्या मारते. रोज जमतं असं नाही. जमतं त्या दिवशी चारचा चहा बसून पिते, आडवी होऊन नाही.

रत्नागिरीकर

चातुर्मासातले उपास बघा एकदा. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, वर केळं. त्यानंतर जी झोप येते तिला आमच्याकडे उपासाचं पुण्य म्हणतात.

घोरणाऱ्याची बायको

यांचा थकवा म्हणजे सिग्नलला गाडी थांबली तरी डुलकी. रात्री साखर साधारण १८० च्या वर राहिली की ती लघवीवाटे जाऊ लागते, सोबत पाणी ओढते. त्यामुळे चार-चार वेळा उठणं, मग झोप कुठली पूर्ण होणार? गोळ्या बदलून ते उठणं कमी झालं, तरी दिवसा पेंग तशीच.

मग मी डॉक्टरांना सांगितलं की हे घोरता घोरता मध्येच गप्प होतात आणि नंतर गुदमरल्यासारखा आवाज करून श्वास घेतात. झोपेची तपासणी झाली, स्लीप अॅप्निया निघाला. टाइप २ आणि वजन जास्त असलेल्यांत हे पुष्कळ सापडतं. सीपॅपचा (झोपेत हवेच्या दाबाने श्वास चालू ठेवणाऱ्या यंत्राचा) मास्क बघून आधी यांनी 'मी काय पायलट आहे का' म्हणून तो कपाटात टाकला. मी वेगळ्या खोलीत झोपायला लागले तेव्हा बाहेर निघाला. आता पेपर वाचताना पेपरच वाचतात. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी आपल्या घोरण्याबद्दल जोडीदाराला विचारा, स्वतःला ते ऐकू येत नाही.

लॅबमध्ये काम करतो

अनुभव माझा नाही, खिडकीच्या या बाजूने बघतो तेवढं सांगतो. थकव्यासाठी लोक पुन्हा पुन्हा शुगरच तपासतात. हिमोग्लोबिन, बी१२, टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनिन (किडनीसाठी) हे विषय डॉक्टरांकडे काढा. किडनी मंदावली तर रक्तही कमी होतं. लोह कमी असेल तर एचबीए१सी आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतं, हेही लक्षात असू द्या. पाळी जास्त जाणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर नक्कीच.

टाइप १, शाळेपासून

सगळ्यांच्या थकव्याला काही ना काही निदान मिळालं. माझ्याकडेही एक आहे: थायरॉइड. टाइप १ मध्ये आपलीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडावर उलटते, ती बऱ्याचदा थायरॉइडवरही उलटते. गोळी सुरू झाली, टीएसएच जागेवर आलं, थोडं बरं वाटलं.

उरलेला थकवा कुठल्याच नळीत सापडत नाही. सकाळी डोळे उघडायच्या आधी साखर मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा. पोह्यांची वाटी किती मोठी, शेव घातली तर इन्सुलिनचे किती युनिट, बस धावत पकडली तर किती कमी करायचे. रात्री अलार्म, की उठून साखर खा. दुसऱ्या रात्री चढली म्हणून अलार्म. लग्नात कोणी मावशी येते, 'एवढ्या लहान वयात? गोड फार खायचीस का?' तिला समजावणं हेही एक काम. साखर उत्तम असते त्या आठवड्यात मी सगळ्यात जास्त थकलेली असते, कारण ती उत्तम ठेवणारी मीच असते.

आमच्या डॉक्टरीणबाई यावर 'चालत राहा' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, यातलं कुठलं काम दुसऱ्याला देता येईल? इन्सुलिन देता येणार नाही, हिशोब देता येईल. आता रविवारी माझी बहीण गणित करते. ताट बघते, आकडा सांगते, मी टोचते. रात्रीचा अलार्म एक दिवसाआड बाबांच्या फोनवर वाजतो. आई आधी घाबरली होती, चुकलं तर काय. चुकतंही, माझंही चुकायचंच. पण रविवारी मी सिनेमा बघते तेव्हा तो सलग बघते. आणि बहिणीला आता गुळपोळीचा हिशोब माझ्यापेक्षा लवकर जमतो, त्याचा तोरा ती सोमवारपर्यंत मिरवते.