शीर्षकातच शेवट सांगणारा ब्रेसाँचा चित्रपट

प्रश्न (माटुंगा):
फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ यांचा ‘अ मॅन एस्केप्ड’ (१९५६) परवा घरी पाहिला. कैदी निसटला, हे शीर्षकच सांगून टाकते. तरीही तो कैदी, फोंतेन, चमच्याला धार लावून कोठडीच्या दाराच्या फळ्यांमधले सांधे पोखरू लागतो, तेव्हा श्वास रोखला जातो. त्याचा चेहरा मात्र जवळजवळ निर्विकार आहे. हा अभिनयाचा उणेपणा मानावा काय?

उत्तर (दादर):
मुळीच नाही. नाझींविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकार चळवळीतील आंद्रे दव्हिन्यी यांनी १९४३ मध्ये लिआँच्या माँल्युक तुरुंगातून केलेल्या पलायनावर हा चित्रपट आधारलेला आहे आणि फोंतेनच्या भूमिकेसाठी ब्रेसाँ यांनी मुद्दाम अव्यावसायिक माणूस निवडला, कारण भाव ‘दाखवणारा’ नट त्यांना नकोच होता. चेहरा गप्प राहिला की आपले लक्ष हातांकडे, चमच्याकडे, पलंगाच्या तारांनी वळलेल्या दोराकडे जाते.

उत्तर (गिरगाव):
माझ्या मते खरी कमाल ध्वनीची आहे. पहारेकरी दिसण्याआधी त्याची पावले ऐकू येतात, आणि छतावरील खडीवर पाय टाकण्यासाठी कैद्यांना जाणाऱ्या आगगाडीच्या आवाजाचा आडोसा घ्यावा लागतो. (मोझार्टचे संगीत मात्र मला काही ठिकाणी अनावश्यक वाटले.)

प्रश्नकर्ता (माटुंगा):
आभारी आहे. आमचे घर रुळांलगत असल्याने छतावरच्या त्या प्रसंगात आगगाडी चित्रपटातली की खिडकीबाहेरची, हेच मला कळले नव्हते. आता शेवटच्या लोकलनंतर पुन्हा पाहीन.