वी फिट वय ५२ दाखवतंय, कितपत मनावर घ्यायचं?

वी फिट हा निन्टेंडोचा व्यायामाचा व्हिडिओ गेम; त्याच्या बोर्डावर उभं राहिलं की वजन आणि तोल मोजतो. माझं खरं वय ३८, उंची १६८ सेंमी, वजन ७० किलो. गेमच्या बॉडी टेस्टमध्ये बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २४.८ येतो, म्हणजे नॉर्मल. पण 'वी फिट वय', म्हणजे गेमने ठरवलेलं शरीराचं वय, एकदा ४१, दुसऱ्या दिवशी ५२! संध्याकाळी वजनही दीड किलो जास्त. बोर्ड गालिच्यावर ठेवलाय. कुठला आकडा धरायचा?

प्रतिसाद १
आधी बोर्ड गालिच्यावरून काढा. त्याच्या चार पायांत चार सेन्सर आहेत. बोर्डाचं पोट गालिच्याला टेकलं की थोडा भार सेन्सरला चुकवून जातो. कडक, सपाट फरशी हवी. वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी करा. दिवसभरात एक-दीड किलो वर-खाली होणं म्हणजे खाणं-पाणी, चरबी नव्हे. सात दिवसांची सरासरी काढून मागच्या आठवड्याशी ताडून बघा.

ते 'वय' मात्र सोडून द्या. त्यात मुख्यतः बीएमआय आणि तोल सावरण्याच्या चाचण्या असतात, आणि दर वेळी त्याच चाचण्या येतील असं नाही. हृदय, फुप्फुसं, रक्तातली साखर यांचा त्यात पत्ताच नाही.

प्रतिसाद २
उंचीही भिंतीला टाचा टेकवून अनवाणी मोजा. बीएमआयमध्ये उंचीचा वर्ग होतो, त्यामुळे १६८ ऐवजी १६६ भरलीत तर २४.८ चा थेट २५.४ होतो. शिवाय आशियाई लोकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २३ पासूनच सावध व्हायला सांगितलंय. गेम २५ पर्यंत नॉर्मल म्हणतो. कंबर किती?

धागाकर्ता
पँट ३४ ची लागते.

प्रतिसाद २
पँटचा नंबर नको, ती पोटाखाली बसते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप आडवी धरा, श्वास सहज सोडा आणि वाचा. पोट आत ओढायचं नाही (सगळे ओढतात). उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, म्हणजे तुमच्यासाठी ८४ सेंमीच्या आत.

प्रतिसाद ३
दमसास बघायचा तर ३० सेंमीची पायरी घ्या. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ९६ ठोक्यांवर, चार ठोक्यांत एक चढ-उतार, म्हणजे मिनिटाला २४ वेळा चढ-उतार, ३ मिनिटं. लगेच बसून पूर्ण मिनिटभर नाडी मोजा. महिन्याने त्याच पायरीवर आकडा उतरला की समजा फरक पडतोय. छातीत दुखलं, गरगरलं तर तिथेच थांबून डॉक्टर गाठा.