एपिस्कोपल चर्च सोडून कॅथलिक व्हायच्या विचारात आहे, पण आजोबांचं काय करू?

गुरुवारपेठी:

नमस्कार. मी ह्यूस्टनला असतो, मूळचा पुण्यातला, पंचहौदचा. तोच पंचहौद, जिथल्या मिशनच्या चहावरून १८९० मध्ये लोकमान्य आणि रानडे यांच्यामागे प्रायश्चित्ताचं झेंगट लागलं होतं. आमचं पवित्र नाम देवालय काऊली फादरांच्या, म्हणजे अँग्लिकन संन्याशांच्या, वळणाचं. धूप, घंटा, पापनिवेदन सगळं होतं. कॅथलिक शेजारी म्हणायचे, 'तुमच्याकडे फक्त पोप नाही, बाकी सगळं आमचंच.' आजोबा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, पाळक. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं तेव्हा त्यांच्यासकट सगळी मंडळी त्यात गेली.

अमेरिकेत आल्यावर साहजिकच एपिस्कोपल चर्च, म्हणजे इथलं अँग्लिकन चर्च, गाठलं. लोक चांगले, संगीत उत्तम, कुणी जात विचारत नाही, पगारही विचारत नाही. वर्षं मजेत गेली. मी वेदीची भांडी आवरणाऱ्या गटात आहे, त्यामुळे पडद्यामागचंही दिसतं. ईस्टरनंतरच्या एका रविवारी एका बाईंनी चषकात उरलेला पवित्र द्राक्षारस किचनच्या सिंकमध्ये, कॉफीच्या मगांवरच ओतला. सेक्रिस्टीत (वेदीची भांडी ठेवायच्या खोलीत) वेगळं बेसिन आहे, त्याचा पाइप गटारात न जाता सरळ मातीत जातो. त्यात कुणीतरी फुलदाणी ठेवली होती. १९७९ च्या प्रार्थनापुस्तकात सरळ लिहिलंय की उरलेलं आदरानं खाऊन-पिऊन संपवावं. आजोबा प्याल्यात पाणी घालून विसळायचे, ते पाणी प्यायचे, पुन्हा विसळायचे, मगच फडकं लावायचे. मी रेक्टरांकडे, म्हणजे मंडळीच्या मुख्य पाळकांकडे, गेलो. ते हसून म्हणाले, 'देव सिंकमध्येही असतोच की.'

ही एकच गोष्ट असती तर गप्प बसलो असतो. पण मतांगिकार ('मी मानतो' ही श्रद्धेची कबुली) कधी म्हणतात, कधी गाळतात. बाप्तिस्मा न झालेल्यांनाही प्रभुभोजनाला बोलावतात. चर्चचा कायदा याच्या स्पष्ट विरुद्ध आहे, आणि ते कुणाला ठाऊकही नसतं. ईस्टरच्या प्रवचनात कबर रिकामी होती का, हा प्रश्न 'मुद्द्याचा नाही' असं ऐकलं. मग मुद्दा काय, ते सांगितलं नाही.

आधीच स्पष्ट करतो, म्हणजे धागा भरकटणार नाही. १९७६ मध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मान्य झाली, २००३ मध्ये उघडपणे समलिंगी असलेले जीन रॉबिन्सन न्यू हॅम्पशायरचे बिशप झाले, २०१५ मध्ये समलिंगी विवाहांचे विधी आले. या प्रत्येक वेळी लोक बाहेर पडले. मी त्यांच्यातला नाही. माझी चुलतबहीण सीएनआयमध्ये पाळक आहे आणि माझ्यापेक्षा बरी ख्रिस्ती आहे. मला हवंय असं चर्च, जे 'आम्ही हे मानतो' असं सांगेल आणि विचारलं तर उद्याही तेच सांगेल.

म्हणून रोमकडे डोळे लागलेत. अडचणी दोन. बायको नगरची, अमेरिकन मराठी मिशनच्या घरातली. तिचं हे दुसरं लग्न. पहिलं नगरलाच चर्चमध्ये झालं होतं, तो मनुष्यही ख्रिस्ती, आणि अजून हयात आहे. दुसरी अडचण आजोबा. १८९६ मध्ये पोप तेराव्या लिओंनी एका पत्रात अँग्लिकन पाळकांची दीक्षा पूर्णपणे निरर्थक ठरवली. मग आजोबांनी जन्मभर वेदीवर जे केलं ते काय होतं? नुसती भाकर? कुणी या वाटेनं गेलं असेल तर सांगा.

भुईगावकर:

काका, मी वसईचा, आता न्यू जर्सीत. आमचे पूर्वज पोर्तुगिजांच्या काळात ख्रिस्ती झाले, पोपचं पत्र वाचून नाही. त्यामुळे मोठ्या प्रश्नाला माझा पास. पण येण्याआधी आमचं घर नीट बघून घ्या. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या ग्रँड ज्युरीचा लैंगिक अत्याचारांवरचा अहवाल आला, तीनशेहून जास्त धर्मगुरू आणि हजाराहून जास्त मुलं. मी तो इथल्या स्वयंपाकघरात बसून वाचला आणि पुढचे काही आठवडे मिस्सेला, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेला, गेलो नाही. मॅकॅरिक कार्डिनल होता, अशाच अत्याचारांसाठी २०१९ मध्ये त्याचं पुरोहितपद काढलं. 'आम्ही हे मानतो' असं ठामपणे सांगणारी मंडळी हीच होती.

आणि विधींचं म्हणाल, तर तुमच्या डोक्यात काऊली फादर आहेत. इथल्या उपनगरातल्या साध्या कॅथलिक चर्चमध्ये गिटार असते आणि शेवटच्या गाण्याआधी अर्धी गर्दी पार्किंगमध्ये असते. कॉफी विचारायलाही कुणी थांबत नाही. तरी मी तिथंच जातो, आणि त्याचं कारण मला तुमच्याइतकं चांगलं मांडता येणार नाही. पण एखाद्या रविवारी अशाच कंटाळवाण्या ठिकाणी जाऊन बसा. तिथं राहता आलं तर या.

वॉल्सिंगहॅम_मार्गे:

मी एपिस्कोपल होतो, ऑर्डिनरिएटमार्गे, म्हणजे अँग्लिकनांसाठीच्या कॅथलिक विभागातून, आत आलो. तुम्ही ह्यूस्टनला आहात म्हणजे सगळ्यात सोयीच्या जागी. २००९ मध्ये पोप सोळाव्या बेनेडिक्टांनी अँग्लिकन लोकांना गटागटानं, आपली उपासनापद्धती घेऊन येता यावं म्हणून वाट काढली. अमेरिका-कॅनडासाठीचं ऑर्डिनरिएट १ जानेवारी २०१२ ला सुरू झालं. पहिले प्रमुख जेफ्री स्टीनसन स्वतः रिओ ग्रांदेचे माजी एपिस्कोपल बिशप. आता बिशप स्टीव्हन लोपेस आहेत, आणि अवर लेडी ऑफ वॉल्सिंगहॅम हे कॅथीड्रल तुमच्याच गावात. २०१५ पासूनच्या त्यांच्या मिस्सापुस्तकात, अँग्लिकन प्रार्थनापुस्तक रचणाऱ्या क्रॅनमरच्या प्रार्थना आहेत. भोजनाआधीची 'आम्ही योग्य नाही' ही प्रार्थना आजोबा मराठीत म्हणत असतील, ती तुम्हाला तिथं इंग्रजीत भेटेल. सीएनआय अँग्लिकन कम्युनियनमध्ये, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन चर्चच्या संघात, आहे, त्यामुळे तुमची पार्श्वभूमी आड यायचं कारण दिसत नाही.

बाप्तिस्मा पुन्हा होत नाही. दृढीकरण (बाप्तिस्मा पक्का करणारा विधी) मात्र पुन्हा घ्यावं लागतं. त्याआधी पहिलं पापनिवेदन, जे पंचहौदच्या माणसाला जड जाऊ नये.

आता लग्नाचं, आणि इथं गोड बोलून उपयोग नाही. कॅथलिक माणसानं चर्चबाहेर लग्न केलं असेल तर ते कागदपत्रांवरच अवैध ठरतं. तुमच्या बायकोला ती सोय नाही. दोन बाप्तिस्मा झालेल्या प्रॉटेस्टंटांचं लग्न रोम वैधच धरतं. त्यामुळे त्या स्वतः कॅथलिक होवोत न होवोत, तुमच्या प्रवेशासाठी त्यांच्या पहिल्या लग्नाची फाइल ट्रायब्युनलपुढे, म्हणजे चर्चच्या कोर्टापुढे, जाणार. प्रश्न असा असतो की लग्नाच्या दिवशी संमती खरी आणि पूर्ण होती का. नंतर संसार कसा मोडला, याला महत्त्व पुराव्यापुरतं. साक्षीदार लागतात. नगरच्या त्या गृहस्थांनाही पत्र जाईल, आणि लग्न वैध होतं अशी बाजू मांडायला चर्चचाच एक माणूस नेमलेला असतो. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या ट्रायब्युनलच्या शिक्क्याची सक्ती काढली, त्यामुळे थोडं हलकं झालंय. निकाल 'नाही' असाही येऊ शकतो. तोवर मिस्सेला जा, बसा, पण प्रभुभोजनाच्या रांगेत उभं राहायचं नाही.

आजोबांचं नंतर लिहितो, ते घाईत लिहिण्यासारखं नाही.

मेरीलँडची_मावशी:

मी एपिस्कोपलच राहिलेली, आणि माझी लेक याच चर्चमध्ये डीकन (पाळकाखालचं दीक्षित पद) आहे. तेव्हा माझं मत निष्पक्ष नाही, हे धरून चाला.

सिंकमध्ये ओतणं ही आमच्या चर्चची शिकवण नाही, तुमच्या रेक्टरांचा निष्काळजीपणा आहे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वॉर्डनना सांगा, मग बिशपना लेखी कळवा. आपल्याकडे पाळकांविरुद्ध तक्रार म्हणजे जणू पाप, ते पुण्यात सोडून या. ह्यूस्टनसारख्या शहरात दुसरी एपिस्कोपल मंडळी मिळत नाही, असंही नाही. धूप-घंटांच्या मंडळ्या आमच्यातही आहेत. मतांगिकार गाळणाऱ्या एका माणसामुळे तुम्ही अख्खं चर्च सोडताय. भुईगावकरांनी सांगितलेल्या गोष्टींसाठी कुणी त्यांना 'सोडा' म्हणत नाही, हे मला गमतीचं वाटतं.

आणि ठाम अधिकाराचं एवढं आकर्षण असेल, तर पंडिता रमाबाईंकडे जरा बघा. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, तोही तुमच्या काऊली फादरांच्याच वळणाच्या जोगिणींकडे. पण पाळक सांगतात म्हणून मान डोलवणार नाही, हे त्यांनी तिथल्या सिस्टर जेराल्डिनना पत्रांमधून परखडपणे कळवलं. ब्राह्मणांचा अधिकार झुगारून आलेल्या बाईनं दुसऱ्या पुरोहितांपुढे मान का टेकवावी? तुम्ही म्हणता 'उद्याही तेच सांगेल असं चर्च'. माझ्या लेकीला ते चर्च उद्याही 'तू नाही' असंच सांगेल. तुमच्या चुलतबहिणीलाही. तिला हे सांगताना काय शब्द वापराल, ते आधी ठरवा.

गुरुवारपेठी:

मावशी, बोलणं लागलं, पण बरोबर आहे. बहिणीला अजून फोन केलेला नाही. तिचं उत्तर मला माहीत आहे म्हणूनच टाळतोय. रमाबाईंबद्दल मात्र थोडं वेगळं म्हणतो. त्या प्रश्न विचारत होत्या आणि समोरून उत्तर येत होतं, न पटणारं का असेना. माझ्याकडे समोरून हसू येतं. भांडायला तरी कुणी भिंत द्यावी.

बिशपना लिहायचं सुचवलंत, ते करतो.

बायकोनं काल हा धागा वाचला. ट्रायब्युनलचा परिच्छेद दोनदा वाचला आणि म्हणाली, 'एका नवऱ्यापासून सुटायला कोर्टात सगळं सांगितलं. आता दुसऱ्याच्या मोक्षासाठी तेच पुन्हा चर्चच्या कोर्टात सांगू?' मग वर, 'आणि नगरला पत्र जाणार म्हणजे सासूबाई ते अख्ख्या गल्लीत वाचून दाखवणार. माजी सासूबाई.' मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं.

वॉल्सिंगहॅम_मार्गे:

त्यांना ढकलू नका. अर्जावर सही त्यांची लागते, आणि नवऱ्याच्या आग्रहाखातर जुन्या जखमा उघडणाऱ्या बायका मी पाहिल्यात. तुमच्याआधी त्यांनीच एकदा वॉल्सिंगहॅमच्या फादरांशी एकटीनं बोलावं, कुठलाही फॉर्म न भरता. नाही म्हणाल्या तर विषय तिथंच थांबवा, आणि त्याचं खापर त्यांच्यावर फोडू नका.

आता आजोबा. 'ते १८९६ चं पत्र जुनं झालं' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १९९८ मध्ये रॅट्झिंगर (पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट) यांच्या व्हॅटिकनमधल्या खात्यानं, निश्चितपणे मान्य करायच्या शिकवणींची उदाहरणं देताना तेच पत्र घेतलं. पण तेवढंच वाचून थांबलात तर रोमचं अर्धंच म्हणणं कळेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६४ चा ऐक्यावरचा हुकूम वाचा. दीक्षेअभावी या मंडळ्यांकडे प्रभुभोजनाचं पूर्ण रूप टिकलं नाही, असं तो म्हणतो. आणि तोच हुकूम म्हणतो की पवित्र आत्म्यानं तारणाचं साधन म्हणून त्यांचाही वापर केला आहे. १९६६ मध्ये पोप सहाव्या पॉलनी कँटरबरीचे आर्चबिशप रॅमसे यांच्या बोटात स्वतःची अंगठी घातली. बिशपची अंगठी कुणी सोम्यागोम्याला देत नाही.

आणखी एक. लंडनचे माजी अँग्लिकन बिशप ग्रॅहम लेनर्ड यांना १९९४ मध्ये कॅथलिक पुरोहित केलं ते 'सशर्त', म्हणजे आधीची दीक्षा खरी नसेल तर, या अटीवर. कारण त्यांच्या दीक्षापरंपरेत रोमपासून वेगळ्या झालेल्या ओल्ड कॅथलिक बिशपांचा हात लागलेला होता, आणि त्यांची दीक्षा रोम मानतं. म्हणजे प्रत्येकाचं उत्तर एकाच ओळीत मिळत नाही. आजोबांपुरतं रोमचं उत्तर बहुधा 'नाही' असंच येईल, मी खोटा दिलासा देत नाही. पण प्रवेशाच्या दिवशी तुम्हाला आजोबांविरुद्ध काही म्हणायला लावत नाहीत. जे म्हणायचं ते इतकंच, की पवित्र कॅथलिक चर्च देवानं प्रकट केलं म्हणून जे मानतं, शिकवतं आणि जाहीर करतं, ते सगळं मी मानतो. ते मनापासून म्हणता येत नसेल तर येऊ नका, मग इथं कितीही धूप असो.

भुईगावकर:

हे मी जन्मापासून कॅथलिक असून कधी म्हटलेलं नाही. आमच्याकडून कुणी वदवून घेत नाही, हाच आमचा फायदा.

गुरुवारपेठी:

धन्यवाद सगळ्यांना. 'सगळं' या शब्दापाशी मी अडकलोय, आणि बहिणीच्या दीक्षेपाशी. ट्रायब्युनलचा विषय घरात काढणार नाही असं ठरवलंय, तीच काढेल तर काढेल. तोवर रविवारी कुठं बसायचं? सध्याच्या मंडळीत पाय वळत नाही.

मेरीलँडची_मावशी:

महिनाभर दुसऱ्या एपिस्कोपल मंडळीत जा, मग वॉल्सिंगहॅमला. दोन्हीकडे मागे बसा आणि कुठल्याच समितीत नाव देऊ नका. बहिणीला मात्र आज रात्रीच फोन करा, पुण्यात सकाळ असेल.

वॉल्सिंगहॅम_मार्गे:

मावशींशी सहमत, क्रम उलटा केलात तरी चालेल. आणि फोन करतच आहात तर बहिणीला सांगून पुण्याहून बाप्तिस्म्याचा दाखला मागवा. जुना घडी घातलेला नको, नोंदवहीतून नव्यानं काढलेला उतारा, शिक्क्यासकट.

गुरुवारपेठी:

तिलाच सांगू? ज्या कारणासाठी तो लागणार, ते कळल्यावर?

मेरीलँडची_मावशी:

तिलाच. पाळक आहे ना ती.